गडगा पाडून कंपाउंड घालायचं म्हणतायत, काय करू?

कातळफूल:
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

राजापूर तालुक्यात आमचं गाव. घर उतारावर, पुढे खळं म्हणजे अंगण, खाली आगर म्हणजे बाग. आगराच्या दोन बाजूंना पणजोबांनी रचलेला जांभ्याचा गडगा, म्हणजे सिमेंटशिवाय नुसते दगड रचून केलेली भिंत आहे, कमरेपेक्षा थोडा उंच. तिसऱ्या बाजूला निरगुडी नि मोगली एरंडाची वई म्हणजे झाडाझुडपांचं कुंपण, आणि गडग्याच्या एका अंगाने पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट उतरते ती थेट पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) जाते. पाखाडीच्या पलीकडे दुसऱ्यांचा गडगा. म्हणजे दोन गडग्यांच्या मधून वाट, वर फणस नि आंब्याची सावली, पावसात दोन्ही गडगे शेवाळाने हिरवेगार आणि फटीफटीतून नेचे आलेले.

यंदा शिमग्याला गेले तर पलीकडच्या घराने गडगा काढून सात फुटी सिमेंटची भिंत घातलीय, त्या तयार पट्ट्या खांबात सरकवतात ना तसली. पालखी वळणावर आली आणि अडकली. आजवर कधी अडकली नव्हती, कारण गडगा बुटका, पालखीचे दांडे गडग्यावरून फिरायचे. या खेपेस भोयांना पालखी तिरकी करून, मागेपुढे करून काढावी लागली. ढोलवाले थांबले, सगळे गप्प. मला तिथेच रडू फुटलं.

आता आमचे चुलतभाऊ पण म्हणतायत आपणही तशीच भिंत घालू. त्यांचं म्हणणं खोटं नाहीये, घर वर्षातले दहा महिने बंद, उनाड गुरं आत शिरतात, मागच्या वर्षी पंप चोरीला गेला. पण मला आतून वाटतंय की आपला गाव आपण या भिंतींनी घालवतोय. घरं जुनी राहिली नाहीत तरी गाव ओळखू येत होता तो या गडग्यांमुळे, वईंमुळे, पाखाड्यांमुळे. तर विचारायचं हे की गडगा ठेवून बंदोबस्त कसा करायचा, वईत काय लावायचं आणि गावपातळीवर काही ठरवता येतं का? कोणी केलंय का?

लालबागचा_चाकरमानी:
पालखीचं वाचून पोटात कालवलं. आमच्या वाडीत आता घरं दिसतच नाहीत, गेटं दिसतात.

गावातच_राहतो:
मी बारा महिने गावात राहतो, शेती करतो, म्हणून थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. गडगा छान दिसतो हे मान्य, पण गडगा ओढून पाडतात ती गुरं आणि परत रचायचा मी. दर पावसाळ्यात दोन तीन ठिकाणी भसका पडतो. पूर्वी घरात दहा माणसं होती, भात झोडून झालं की दिवाळीनंतर सगळे मिळून वई घालायचे, काट्या तोडून आणायच्या, शिरड्या आणायच्या, दोन दिवसात काम फत्ते. आता घरात मी, बायको आणि आई. मजुराला दिवसाचे पैसे द्यायचे तर वई दरवर्षी घालायची आणि ती दरवर्षी कुजणार. सिमेंटची भिंत एकदा घातली की वीस वर्ष बघायला नको. तुम्ही मे महिन्यात आणि गणपतीला येता तेव्हा गाव हिरवं दिसावं असं तुम्हाला वाटतं, आम्हाला भात वाचवायचं असतं.

आणि माकडं? माकडाला गडगा काय नि भिंत काय.

कातळफूल:
@गावातच_राहतो, राग कसला, हेच ऐकायचं होतं. चुलतभावांचा मुद्दा पण हाच आहे. फक्त शेवटच्या ओळीवर विचारते, माकडं भिंतीने थांबत नसतील आणि डुक्कर खालून उकरत असेल तर सात फूट कशासाठी? गुरांना तर चार फूट पुरतात ना?

गावातच_राहतो:
गुरांना चार फूट पुरतात. बरोबर आहे. सात फूट चोरांसाठी, आणि खरं सांगायचं तर शेजाऱ्याने घातली म्हणून.

मालवणी_खाजा:
अरे बाबा गडगो घालूक माणसा खंय गावतत आता? आमच्या गावात गडगो घालणारे दोनच म्हातारे रवले, एकाचे गुडघे गेले.

पण सांगतो, माझ्या आज्याने घातलेलो गडगो अजून तसोच उभो आसा, आणि माझ्या बापाशीन सिमेंट लावन बांधलेली भिंत दोनदा पडली.

जांभा_चिरा:
वरच्या प्रतिसादावरून लिहायला बसलो. मी स्वतः गडगे रचलेत, वडिलांच्या हाताखाली शिकलो. तो का टिकतो ते सांगतो.

गडगा सिमेंटशिवाय असतो म्हणून टिकतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. उतारावरून येणाऱ्या पाण्याला गडगा अडवत नाही, फटीफटीतून पाझरू देतो, माती मात्र मागे अडते. म्हणून जुन्या गडग्याच्या वरच्या अंगाला बघा, जमीन फूटभर चढलेली असते. सिमेंटच्या भिंतीला पाणी जायला भोकं ठेवली नाहीत तर आषाढात मागे पाणी तुंबतं, माती फुगते आणि भिंत सरळ पोटावर पडते.

रचताना पाया जमिनीखाली वीतभर तरी न्यायचा, कडक लागेपर्यंत. खाली रुंदी अडीच तीन फूट, वर येता येता दीड फूट, दोन्ही अंगांनी आत कललेला. मोठे दगड खाली. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दर हाताभराला एखादा लांब दगड आडवा टाकायचा, या अंगापासून त्या अंगापर्यंत, तो दोन्ही बाजू धरून ठेवतो. लोक हाच दगड विसरतात आणि मग गडगा मधून फाटतो. पोटात चिपा म्हणजे दगडाचे बारीक तुकडे घट्ट ठोकायच्या, नुसती माती भरायची नाही, मातीत उंदीर घुशी बिळं करतात आणि गडगा बसतो. सगळ्यात वर जड चपटे दगड.

भसका पडला तर नुसते पडलेले दगड परत वर ठेवू नका. दोन्ही बाजूंनी आणखी दोन दोन हात उकलायचं, पायापर्यंत जायचं आणि मग रचत यायचं. @गावातच_राहतो, तुमचा दरवर्षी त्याच जागी पडत असेल तर बहुतेक पाया तिथे धुपलाय, वरून कुठूनतरी पाणी येतंय. एकदा ते बघा.

माहेरवाशीण:
किती वर्षांनी चिपा हा शब्द वाचला!

माझ्या माहेरी गुहागरकडे वईवर पावसाळ्यात पडवळ, घोसाळी, काकडी सगळे वेल सोडलेले असायचे. वेगळा मांडव फक्त कारल्याचा. वेल वईच्या पलीकडे गेला की पलीकडे लागलेलं घोसाळं पलीकडच्या काकूंचं, असा अलिखित कायदा. आई इकडून कोथिंबीर टाकायची, काकू तिकडून रातांबे द्यायच्या, सगळा व्यवहार वईवरून. श्रावणात वईत कळलावी फुलायची, लाल पिवळी, आजी म्हणायची हात लावू नका, विषारी असते, मुळासकट विष. आणि बेडं! दोन खांबांना भोकं, त्यात तीन बांबू सरकवलेले. आम्ही मुलं बांबू न काढता खालून सरपटत जायचो आणि परत येताना मार खायचो, कारण शेवटी जाणाऱ्याने बांबू लावायचे राहायचे आणि गाय आत.

आता तिथे लोखंडी गेट आहे, बेल आहे. काकू आहेत अजून, पण बेल वाजवून कोण कोथिंबीर द्यायला जाणार.

लालबागचा_चाकरमानी:
पलीकडे लागलेलं घोसाळं पलीकडच्यांचं, हे आमच्याकडे फणसाला पण होतं. त्यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत ती गोष्ट वेगळी 😄

बोरीबाभळी:
मी सोलापूर भागातला. धागा मनापासून वाचतोय, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. गावपण, सीमा, गावाची ओळख हे शब्द आले की माझ्या डोळ्यासमोर गावकूस येतं, गावाभोवतीची भिंत. वेस आणि गावकूस होतं म्हणजे आत कोण आणि बाहेर कोण हे ठरलेलं होतं. माझे आजोबा बाहेरचे. आमच्याकडे विहिरीकडे जाणारी वाट गावातून नव्हती, फेरा घालून होती. तुमच्या कोकणातही वाड्या जातीवार आहेतच आणि पालखी कुठल्या वाडीत जाते, कुठल्या जात नाही हे तुम्हालाच माहीत. त्यामुळे जुनं ते जपा म्हणताना नक्की काय जपायचं हे आधी बोलायला हवं. दगडाशी माझं भांडण नाही.

कातळफूल:
@बोरीबाभळी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. खरं सांगते, हे लिहिताना माझ्या मनात फक्त आमच्या वाडीची पाखाडी होती. बौद्धवाडीकडे जाणारी वाट अजून कच्ची आहे, तिला पाखाडी कधी बांधलीच नाही, चिखलातून मुलं शाळेत येतात. गावाचं काही ठरवायचं तर ती वाट पहिली यायला हवी. भावाशी बोलले आत्ताच फोनवर, तो म्हणाला हे आधीच कोणाच्या का लक्षात आलं नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बोरीबाभळी:
एवढं मोकळं बोललात हे पुष्कळ झालं. तिथूनच सुरुवात करा.

पाऊसवेडा_इंजिनियर:
जांभा_चिरा यांनी पाण्याचं सांगितलं त्यात माझ्या घरचं उदाहरण घालतो. चिपळूणजवळ सासरेबुवांच्या जागेला वरच्या प्लॉटवाल्याने भिंत घातली, जुना गडगा काढून. दोन प्लॉटच्या मधून एक लहान वहाळ होता, पावसात चार महिने वाहणारा, नकाशावर नाही पण सगळ्यांना माहीत. भिंतीने तो बंद झाला. जुलैत एका रात्री पाणी भिंतीला वळसा घालून सासऱ्यांच्या पडवीत, भाताची कणगी भिजली, आणि चार दिवसांनी भिंतही पडली. ठेकेदार म्हणाला पाऊस जास्त झाला. पाऊस दरवर्षीसारखाच होता.

भिंत घालायचीच असेल तर निदान पावसात एकदा छत्री घेऊन आपल्या जागेत फिरा, पाणी कुठून येतं नि कुठे जातं बघा. मग ठरवा. एप्रिलमध्ये कोरड्या जमिनीवर दोरी लावून भिंत आखणारे सगळे इथेच फसतात.

फुरसं_चावलेला:
माझं नावच पुरेसं आहे. गडग्यात फुरशी असतात, विंचू असतात. लहान मुलं असलेल्या घराने सपाट भिंत घातली तर त्यांना नावं ठेवू नका. मी अकरा दिवस दवाखान्यात होतो.

जांभा_चिरा:
@फुरसं_चावलेला, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. म्हणूनच घराला लागून, खळ्याच्या कडेला उघड्या फटींचा गडगा ठेवत नाहीत, तिथे चुन्यात किंवा सिमेंटमध्ये सांधे भरून बुटका कठडा करतात. उघडा गडगा आगराच्या हद्दीला. आणि गडग्याच्या पायथ्याचं गवत दोन हात तरी साफ ठेवायचं, दगडात हात घालताना आधी काठीने ठोकायचं. वडील कधीही उघड्या हाताने दगड उचलू द्यायचे नाहीत, आधी काठीने उलटा करायचे.

रानवाटा:
वईत काय लावायचं हा मूळ प्रश्न राहूनच गेला, त्यावर लिहिते. वनस्पतीशास्त्र शिकवते आणि स्वतःच्या जागेत आठ वर्ष जिवंत कुंपण आहे.

दरवर्षी कुजणारी काट्यांची वई वेगळी आणि एकदा लावून वाढवलेली वई वेगळी. गावातच_राहतो यांचा मजुरीचा प्रश्न दुसऱ्या प्रकाराने बराच सुटतो. निरगुडी, मोगली एरंड, गिरिपुष्प, पांगारा, शेवगा ही सगळी फांदी खोचून येतात. गुरं निरगुडी आणि मोगली एरंडाला तोंड लावत नाहीत म्हणून जुन्या लोकांनी हीच निवडली. गिरिपुष्पाचा पाला भाताच्या खाचरात खत म्हणून उत्तम. आतल्या अंगाला करवंद लावा, ते बियांपासून येतं, पिकलेल्या करवंदाचं बी धुऊन लगेच टाकायचं, ठेवून दिलं की उगवत नाही. तीन वर्ष काहीच वाटत नाही आणि मग त्यातून मांजरसुद्धा जात नाही. मध्ये मध्ये अडुळसा, कढीपत्ता. शेर लावायचा तर चीक डोळ्यात जाणार नाही हे बघा, फार वाईट असतो.

कोपऱ्यावर, जिथे पाखाडी वळते तिथे एक मोठं झाड हवंच. बकुळ, सुरंगी, उंडी, नाहीतर सरळ फणस. कृपा करून ती सरळसोट अशोकाची रांग नको आणि ड्युरांटा नको, रिसॉर्ट वाटतं.

देवराई_वाचवा:
छान माहिती, पण गिरिपुष्प आणि मोगली एरंड कशाला सुचवता? दोन्ही परदेशी. गावाचं रूप जपायचं तर देशीच लावायला हवं ना.

रानवाटा:
प्रश्न रास्त आहे. दोन्ही अमेरिकेकडची, घायपातही मेक्सिकोची. मोगली या नावातच ते बाहेरचं असल्याची खूण आहे. पण मोगली एरंड इतकी वर्ष आपल्या वईंत आहे की त्याच्याशिवाय कोकणातली वई डोळ्यासमोर येत नाही. काजूही बाहेरून आलाय, पोर्तुगीजांनी आणला. माझी कसोटी एवढीच की ते झाड लावलं तिथे राहतं का, की सगळीकडे पसरून बाकीच्यांना मारतं. घाणेरी मी कधीच लावणार नाही. सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणं तर गुन्हाच वाटतो मला, कातळावर पावसात जी सीतेची आसवं नि तेरडे फुलतात ती सावलीत जगत नाहीत. ओसाड दिसतो म्हणून सडा झाडांनी भरू नका, तो ओसाड नाहीये.

लेस्टरवरून:
मी इंग्लंडमध्ये, मूळची दापोलीची. इथे शेतांच्या मधली जिवंत कुंपणं शेकडो वर्ष जुनी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी यंत्रं चालावीत म्हणून हजारो मैल उपटली, आणि मग १९९७ मध्ये नियम आला की शेतावरचं २० मीटर किंवा जास्त लांबीचं कुंपण काढायचं तर आधी कौन्सिलला कळवायचं, त्यांच्याकडे ४२ दिवस असतात, कुंपण जुनं आणि महत्त्वाचं ठरलं तर परवानगी नाकारतात. घराच्या बागेच्या कुंपणाला तो लागू नाही. हिवाळ्यात कुंपणाची खोडं बुंध्याशी अर्ध्याहून जास्त कापून आडवी वाकवतात, मग ती खालपासून परत दाट फुटतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं हे तर आमचे आजोबा निरगुडीला करायचे.

गावातच_राहतो:
तिकडे नियम करून पाळतात. इथे सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातली सहा मयत, कळवणार कोण नि कोणाला.

माजी_सरपंच:
पंचायतीत एक टर्म काम केलंय म्हणून व्यवहाराचं बोलतो. खाजगी जागेत कोणी कसलं कुंपण घालावं हे ग्रामसभेच्या ठरावाने सक्तीचं करता येईल या भ्रमात राहू नका, कोर्टात टिकणं कठीण. पण तीन गोष्टी हातात आहेत.

एक म्हणजे पंचायत स्वतः जे करते ते. पाखाडी उकलून काँक्रीट ओतणारी, पेव्हर ब्लॉक बसवणारी, देवळासमोर स्वागत कमान उभी करणारी आपली पंचायतच असते. वित्त आयोगाचा पैसा गावाच्या विकास आराखड्यातून खर्च होतो आणि तो आराखडा ग्रामसभेसमोर येतो. तिथे बसून सांगा की पाखाडी जांभ्याच्याच चिऱ्याने दुरुस्त करा, पायऱ्यांच्या कडेला गटार काढा. बौद्धवाडीची वाट याच आराखड्यात पहिल्या नंबरला घाला. दिव्यांचंही तसंच, आमच्याकडे पऱ्याच्या कडेला भगभगीत दिवे लावले आणि मे अखेरचे काजवे त्या टप्प्यात दिसेनासे झाले, मग दोन दिवे काढायला लावले.

दुसरं, वहिवाटीची वाट. भिंत घालताना कोणी हातभर पुढे सरकलं असेल तर ते सौंदर्याचं भांडण राहत नाही, अडथळ्याचं होतं. पालखी अडकली म्हणताय तर आधी टेप लावून बघा, गडगा होता तिथेच भिंत आहे का. तहसीलदारांकडे मामलेदार कोर्ट कायद्याखाली दाद मागता येते, पण आधी घरी जाऊन चहा पिऊन बोला. अर्ध्याहून जास्त वेळा काम तिथेच होतं.

तिसरं, गडगा पाडण्याआधी हद्द कायम मोजणी करून घ्या. गडगा हीच पिढ्यान्‌पिढ्यांची खूण असते, ती गेली की दहा वर्षांनी कोणीही काहीही म्हणतं. हे चुलतभावांना सांगा, पटकन पटेल.

मांडवीकाठी:
गोव्यातून. आमच्याकडे जुन्या घरांना बाल्काव असतो, दाराबाहेर बसायची दगडी बाकं, पुढे छातीएवढी जांभ्याची भिंत, रस्त्याने जाणाऱ्याशी बसल्या जागी बोलता येतं. आता बाहेरचे लोक व्हिला घेतात आणि दहा फूट भिंत वर काच. माझ्या गल्लीत संध्याकाळी आता कोणी बसत नाही, बोलणार कोणाशी. चार फुटांचं महत्त्व आम्हाला फार उशिरा कळलं.

कातळफूल:
(महिन्याभराने लिहितेय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.)

मे महिन्यात गावी जाऊन आले. माजी_सरपंच यांचं ऐकून आधी टेप लावला, पलीकडची भिंत वळणावर सव्वा फूट पुढे आलीय. काका गेले बोलायला, मी मुद्दाम गेले नाही. त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींनी स्वतःच सांगितलं की शिमग्यापासून त्यांना झोप नाही, पालखी आपल्या दारात अडली म्हणून. कोपऱ्यातल्या भिंतीचे खांबांमधले दोन गाळे काढून तिथे बुटका गडगा घालायला मुलगा तयार झालाय, खर्च अर्धा अर्धा.

आमच्या बाजूचं असं ठरलं की गडगा राहणार. पाखाडीच्या अंगाला साठ फूट उकलून परत रचायचा, मालवणी_खाजा यांच्याकडचे गुडघे शाबूत असलेले दुसरे आजोबा यायला तयार आहेत 🙏 आणि आमची दोन पोरं त्यांच्या हाताखाली राहणार. वईच्या बाजूला आतून चार फुटी तारेची जाळी आणि तिच्या दोन्ही अंगांना निरगुडी नि करवंद, म्हणजे तीन वर्षांत जाळी दिसणार नाही. भावाला जाळी हवी होती, मला वई, दोघांचं राहिलं. पंपाला खोली बांधून कुलूप. बेडंही करतोय, आत कुलपाचं लहान फाटक.

बौद्धवाडीच्या वाटेचा अर्ज १ मेच्या ग्रामसभेत दिला, चाळीस सह्यांनी. तिथल्या एका ताईंनी उठून सांगितलं की वाट करताना कडेचा आंबा तोडू नका, मुलं त्याच्या सावलीत थांबतात. आराखड्यात घेऊ म्हणालेत. १५ ऑगस्टला परत जाऊन विचारणार आहे.

आता एकच विचारायचंय, निरगुडीच्या काड्या नक्की कधी लावू?

रानवाटा:
वाचून फार बरं वाटलं गं. मृगाचे दोन चांगले पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजू दे. अंगठ्याएवढ्या जाड, हातभर लांब काड्या, खालचं टोक तिरकं कापायचं, वीतभर जमिनीत, दोन काड्यांत एक वीत अंतर. वरचं टोक वरच राहील याची खूण आधीच करून ठेव, पोरं हमखास उलट्या लावतात.

गावातच_राहतो:
माझ्या गडग्याचा पाया बघितला. वरून शेजाऱ्याच्या छपराचं पाणी येत होतं त्याच जागी. पन्हळ लावून घेतोय. जांभा_चिरा, आडवा दगड किती लांब हवा ते एकदा फोटो टाकून सांगाल का?

जांभा_चिरा:
रविवारी टाकतो. तोवर नुसते दगड वेगळे काढून ठेवा, लांब एका बाजूला, चपटे एका बाजूला, चिपा पाटीत.